पाणी, पन्हं, ताक, दही

ज्या माणसानं माझ्या आईला नऊ वर्षं जगवलं, त्याचा गळा दाबावा असं मला आठवड्यातून निदान दोनदा वाटायचं. हे मी आईला बोलूनही दाखवत असे. आई म्हणायची, "दाब गो, पण आधी माजी औषधां लिवन घे."

डॉक्टरांचा दवाखाना मुलुंडला, एका पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर होता. लाकडी जिना चढून गेलं की दारावर पाटी. पाटीवर आडनाव, पण पुढे डिग्री नाही, की कसले डॉक्टर ते नाही. खाली दोन ओळी: 'वेळ घेऊन यावे. साक्षीदारासह यावे.' पहिल्यांदा आलेली निम्मी माणसं वकिलाचं ऑफिस समजून परत फिरत. पाटी बदला असं मी त्यांना कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "जो पाटी बघून परत जातो, त्याला एवढं काही झालेलं नसतं."

पूर्वी ते परळच्या एका मोठ्या इस्पितळात होते. ते का सोडलं, असं कुणी विचारलं तर म्हणत, "तिथं गुडघा पहिल्या मजल्यावर, कातडी तिसऱ्यावर, मूत्रपिंड पाचव्यावर, आणि लिफ्ट बंद. मला अख्खा माणूस कधी भेटलाच नाही." म्हणून त्यांनी इथं गिरणीवर दुकान मांडलं होतं आणि ज्यांचं दुखणं एका मजल्यात बसत नाही अशीच माणसं ते घेत. सकाळी एक पेशंट, दुपारी एक पेशंट. साधा ताप-खोकला घेऊन कुणी आलं तर त्याला जिन्यावरूनच समोरच्या डॉक्टरकडे धाडत.

आमच्या आईचं दुखणं कुठल्याच मजल्यात बसत नव्हतं. आम्ही नाहूरच्या चाळीत राहायचो, दोघीच. बाबा कापड गिरणीत होते, ते जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मी घाटकोपरच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. आधी आईच्या हाताच्या बोटांचे सांधे धरले. मग तोंड आलं ते जाईना. मग केस गळायला लागले, गालांवर लाल चट्टे उठले, रोज संध्याकाळी कणकण. दोन वर्षांत सात डॉक्टर झाले. एकानं संधिवात म्हटलं, एकानं पोटात जंत म्हटलं, एकानं क्षयाच्या सुया सुरू केल्या, आणि एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की विधवा बायकांना या वयात असं काहीबाही वाटतं. मग भांडुपच्या एका केमिस्टनं या गिरणीवरच्या माणसाचं नाव काढलं. "सनकी आहे, पण दाखवून बघा," म्हणाला. सनकी हा शब्द त्यानं फार हात राखून वापरला होता, हे मला पुढे कळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "शेवटचं पुरतं बरं कधी वाटलं होतं?"

आई म्हणाली, "माज्या लग्नाआधी."

"मग तिथून सांगा."

आणि आईनं तिथून सांगितलं. कणकवलीची म्हैस, सासूचा स्वभाव, मी पोटात असताना सुजलेले पाय, सगळं. अडीच तास. मी हाफ डे टाकून आले होते आणि हा माणूस म्हशीचं नाव विचारून वहीत उतरवून घेत होता. मी एकदा घड्याळाकडे पाहिलं तर वहीतून मान वर न करता म्हणाले, "साक्षीदारानं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवावं." मी काढून ठेवलं. त्या दिवशी माझा हाफ डे फुल डे झाला.

त्यांच्या खोलीत आजाराचं नाव घ्यायची बंदी होती. आई म्हणाली, "माका संधिवात हा." ते म्हणाले, "हे नाव झालं. दुखतं कुठं, ते सांगा." मग मी आणलेली औषधांची पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. एकोणीस प्रकारच्या गोळ्या निघाल्या. एकेक उचलून आईला विचारत, "ही कशासाठी?" आईला येईना ती डाव्या बाजूला. एका पिवळ्या गोळीपाशी आई म्हणाली, "ती कशाची म्हायत नाय. बरी दिसता म्हणान घेतंय." डॉक्टर इतके खूश झाले की ती गोळी त्यांनी कागदात बांधून खिशात टाकली. शेवटी उजव्या बाजूला दोनच उरल्या.

मग छाती तपासायची. खाली गिरणी धडधडत होती, खोलीतल्या काचा थरथरत होत्या. डॉक्टर खिडकीपाशी गेले आणि खाली वाकून ओरडले, "हृदय आहे रे!" गिरणी थांबली. खाली रांगेतल्या बायका डबे घेऊन उभ्या राहिल्या, वर डॉक्टरांनी आईच्या छातीला नळी लावली. झाल्यावर पुन्हा खिडकीतून, "चालू दे!" गिरणीवाल्याला याची इतकी सवय होती की तो एका हातानं पट्टा थांबवायचा आणि दुसऱ्या हातानं तंबाखू मळायचा. मला मात्र रस्त्यावरच्या चाळीस बायकांना माझ्या आईच्या हृदयाची बातमी गेल्याची लाज वाटत होती.

बोटं तपासायला त्यांनी खालून वाटीभर पीठ मागवलं आणि आईला म्हणाले, "मळा." आई म्हणाली, "मी चपाती करूक नाय कदी. माका तांदळाची भाकरी थापूक येता." तर हा गृहस्थ गिरणीवाल्याला पुन्हा हाक मारून तांदळाचं पीठ मागवतो! आईनं त्यांच्या टेबलावर, त्यांच्या कागदपत्रांच्या शेजारी, भाकरी थापली. ते तिच्या बोटांकडे एखाद्या गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं तसे बघत होते. त्या थापलेल्या भाकरीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, पण आईला ते दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी आपलं काम बघितल्यासारखं वाटलं. घरी येताना ती रिक्षात गुणगुणत होती आणि मी रजेचा अर्ज मनात टाइप करत होते.

महिनाभरानं, परळहून रक्ताचे रिपोर्ट आल्यावर, त्यांनी आजार सांगितला. नाव असं की आईला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "बाई, शरीरात राखणदार असतात. बाहेरचं कुणी आलं तर मारायचं, हे त्यांचं काम. तुमचे राखणदार घरच्याच माणसांना मारायला लागलेत. आज सांधे, उद्या कातडी. मूत्रपिंडात शिरले तर कठीण."

आईनं ताबडतोब हात जोडले. तिच्या गावाकडे राखणदार म्हणजे वेशीवरचा देव. "राखणदार कोपलो. तेका नारळ देऊक व्हयो."

"कोपलाच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण या राखणदाराला नारळ नको, गोळी पाहिजे. आणि ती एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

आईला हे इतकं पटलं की त्यानंतर ती रोज सकाळी गोळ्या तळहातावर घेऊन आधी गाऱ्हाणं घालायची, मग गिळायची. सात डॉक्टरांना जे सांगता आलं नव्हतं ते या माणसानं चार वाक्यांत सांगितलं. हे मी मान्य करते. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची माझी शक्ती इथं बहुतेक संपते.

कारण पुढचं सगळं साक्षीदाराच्या डोक्यावर होतं. साक्षीदार म्हणजे पेशंटबरोबर एका घरात राहणारं, डोळे उघडे असलेलं माणूस. त्यांचा सिद्धांत असा होता की पेशंट खोटं बोलतो. "त्यानं बोलावं. तो त्याचा हक्क आहे. घाबरलेला असतो बिचारा. पण साक्षीदार खोटं बोलला की मी आंधळा. मग मी केस सोडतो." हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या आधीची वेळ असलेलं विक्रोळीचं एक जोडपं होतं. नवऱ्याची फुप्फुसं आणि कातडी दोन्ही आवळत चाललेली. बायको साक्षीदार. नवऱ्यानं बिडी सोडली असं ती चार महिने सांगत होती आणि एक दिवस त्याच्या खिशातून बंडल पडलं. डॉक्टरांनी नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. त्या बाईच्या हातात फाइल दिली आणि म्हणाले, "दुसरा डॉक्टर बघा." ती जिन्यावर बसून रडत होती. मी आत जाऊन म्हटलं, "अहो, घरी मारहाण होत असेल तिला, म्हणून बोलली असेल." ते म्हणाले, "असेल. पण उद्या ती जे सांगेल त्यावर मी औषध कसं देऊ?" मला त्यांचा संताप आला. माझ्या मागे उभ्या असलेल्या आईनं मात्र हे सगळं नीट ऐकून ठेवलं होतं.

माझं साक्षीदाराचं काम म्हणजे रोज सकाळी आईची लघवी काचेच्या नळीत घ्यायची, लाकडी चिमट्यात धरायची, स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचा, व्हिनेगरचे तीन थेंब टाकायचे आणि बघायचं. स्वच्छ राहिली तर मूत्रपिंड ठीक. गढूळ झाली तर राखणदार आत शिरले. किती गढूळ, हे सांगायला त्यांनी चार शब्द ठरवून दिले होते: पाणी, पन्हं, ताक, दही. त्यावर आईच्या गोळ्या वाढायच्या किंवा कमी व्हायच्या. हे शब्द ऐकल्यापासून आमच्या घरात कुणी ताक प्यायलं नाही.

आता विचार करा. चाळीतली एक खोली, मोरीच्या कडेला स्पिरिटचा दिवा, हातात नळी, मी साडी नेसून तयार, आठ सोळाची गाडी गाठायची, आणि शेजारची काकू दारातून डोकावून विचारतेय, "काय गं, सकाळीसकाळी कसला प्रयोग?" आणि हा प्रयोग रोज, रविवारीसुद्धा. "आजार रविवारची सुट्टी घेतो का?" असं ते विचारायचे. मी म्हणायचे, "आजाराला नोकरी नसते."

दर शनिवारी सात दिवसांचे सात शब्द पोस्टकार्डावर लिहून त्यांना धाडायचे. दवाखान्यात फोन नव्हता. घेतला की लोक फोनवर आजार सांगतात, म्हणून घेतला नव्हता. त्यांचंही उत्तर पोस्टकार्डावर, मंगळवारपर्यंत. उघडं कार्ड, कोंबडीच्या पायांचं अक्षर, आणि मधेच पहाटे सुचलेले प्रश्न. 'गेल्या गुरुवारी दुखला तो डावा अंगठा की उजवा?' 'आईस तोंड येण्याआधी राग येतो की नंतर?' आमचा पोस्टमन ही कार्डं चाळीच्या दारापासून वाचत यायचा. "काय ताई, या आठवड्यात तीन दिवस ताक?" असं काळजीनं विचारायचा. तळमजल्यावरच्या एका बाईंनी तर आम्ही डेअरी काढलीय अशा समजुतीनं तुपाची चौकशी केली. मी डॉक्टरांना म्हटलं, पाकिटात घालून पाठवत जा. ते म्हणाले, "पाकीट लोक उघडत नाहीत. कार्ड वाचतातच."

दीड-दोन वर्षं मी हे केलं. एक दिवस चुकवला नाही. आणि मग त्यांनी एक कार्ड माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं.

का, तर चाळीतलं पोस्ट एक दिवस उशिरा पोचतं अशी त्यांना शंका आली होती. कार्डावर लिहिलं होतं: 'साक्षीदारास, आईच्या लघवीला फेस येतो काय? आल्यास किती वेळ टिकतो? घड्याळ लावून कळवावे.' ते शिपायानं वाचलं, मग डिस्पॅचमधल्या दोघांनी वाचलं, मग आमच्या हेडक्लार्कनं सगळ्या हॉलसमोर माझ्या टेबलावर ठेवत म्हटलं, "घड्याळ लावायचंय म्हणे. ऑफिसचं नेऊ नका." सगळे हसले. शनिवार होता. मी संडासात जाऊन तोंड धुतलं आणि कार्ड पर्समध्ये कोंबून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्यातलं स्पिरिट संपलेलं होतं. आणता आलं असतं. नाही आणलं. स्पिरिट हे निमित्त होतं, मला राग आला होता. आईनं नेहमीसारखी बाटली दिली, मी ती मोरीत ओतली आणि वहीत लिहिलं, पाणी. सोमवारी लिहिलं, पाणी. काही कोसळलं नाही. उलट मला सकाळी दहा मिनिटं जास्त मिळाली आणि मी कित्येक महिन्यांनी बसून चहा प्यायले. आई पलंगावरून बघत होती. शनिवारी मी सात वेळा 'पाणी' लिहून कार्ड टाकलं.

मंगळवारी उत्तर आलं: 'उत्तम! गोळ्या सहाच्या चार कराव्या.' पुढच्या शनिवारी मी पुन्हा सात वेळा 'पाणी' लिहिलं. उत्तर आलं: 'फारच उत्तम! चारच्या अडीच. आज गिरणीवाल्यास जिलबी दिली.' ते जिलबीचं वाक्य मी दोनदा वाचलं. उद्या स्पिरिट आणायचं असं मी ठरवलं. उद्या झाला तो अठरावा दिवस, आणि त्या सकाळी आईचे पाय चपलेत जाईनात. डोळे सुजून बारीक झाले होते. चार पावलं टाकली की धाप. मी काकूच्या घरून स्पिरिट आणलं, नळी धरली. व्हिनेगर टाकायचीही गरज पडली नाही. नळी वरपासून खालपर्यंत पांढरी घट्ट झाली. दही.

रिक्षानं मुलुंडला नेलं. जिन्यावर कुणाची पावलं कशी पडतात यावरून डॉक्टर दारातच निम्मा आजार ओळखत. त्या दिवशी आईच्या तीन पायऱ्या ऐकून ते स्वतःच खाली धावत आले. तासाभरात आई तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये होती, हातात सलाईन, बारा गोळ्या सुरू. ते मला एवढंच म्हणाले, "सूज उतरेल. मूत्रपिंड किती उरलंय ते नंतर कळेल."

संध्याकाळी ते माझी कार्डं घेऊन आले. आईच्या पांघरुणावर ती पत्त्यांसारखी मांडली. "चौदा दिवस पाणी लिहिलंय. पुढचे तीन दिवस?"

"पाणी," मी म्हटलं.

"आणि आज एकदम दही. साक्षीदार, हे कसं झालं?"

मी तोंड उघडलं. मला खरंच सांगायचं होतं. पण त्याच क्षणी मला जिन्यावर रडणारी विक्रोळीची बाई दिसली. मी खरं सांगितलं तर डॉक्टर फाइल माझ्या हातात ठेवणार, आणि मग आईला घेऊन मी कुठे जाऊ? पुन्हा त्या सातांकडे?

आई उशीवरून म्हणाली, "डॉक्टरांनू, तिका काय विचारतात? तां चेडू सकाळचा धावपळीत आसता. मीच नळाचा पाणी भरून देत होतंय."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "का?"

"गोळ्यांनी माजा तोंड टोपासारखा फुगला. पाणी दिसला तर तुमी गोळये कमी करशात, म्हणान केलंय."

"आणि रंग? साक्षीदाराला नळाचं पाणी ओळखता येत नाही?"

आईनं डोळ्याची पापणी हलवली नाही. "चायेचे दोन थेंब घालीत होतंय."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग कार्डं गोळा केली आणि आईला जे झापायला सुरुवात केली ते पंधरा मिनिटं. मरायचं असेल तर घरी मरा, माझ्या गोळ्या कशाला वाया घालवता, राखणदार परवडला पण तुम्ही नको. बाजूच्या पलंगावरच्या बाईनं घाबरून डोक्यावर चादर घेतली. ज्या शिव्या माझ्या होत्या त्या सगळ्या आईनं मान खाली घालून ऐकून घेतल्या आणि मी पायथ्याशी उभी राहून त्या तिला ऐकू दिल्या. आयुष्यात मी इतकी हलकट कधी झाले नव्हते.

ते गेल्यावर मी आईचा हात धरला. "आई, का असं केलंस?"

"तेनी केस सोडल्यान तर माका कोण बगतलो? तू?" आई म्हणाली. तिला धाप लागत होती तरी आवाजात चीड होती. "पेशंटान खोटा बोललेला तेका चालता. मी पेशंट आसंय. तू गप ऱ्हव."

सहाव्या दिवशी आईला भरपूर लघवी झाली, पायांची सूज निम्मी उतरली. डॉक्टर वॉर्डातून बाहेर आले तेव्हा मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. पाच दिवस मला अन्न गेलं नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टर, त्या सतरा दिवसांत आईनं नाही, मी—"

"गप्प!" ते इतक्या जोरात ओरडले की नर्स वळून बघायला लागली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक अक्षर बोलू नकोस. तू साक्षीदार आहेस. तू आता जे बोलणार आहेस ते मी ऐकलं तर मला ही केस सोडावी लागेल. मला ही केस सोडायची नाही. कळलं?"

"पण मला सांगायचंय."

"मला ऐकायचं नाही. उद्यापासून नळी तापवायची आणि खरं लिहायचं. जा, तिला पेज दे."

नियम त्यांचा. मोडायचा तर त्यांनीच मोडायचा, सांगून मोकळं व्हायचं. ते नाही. नियमही शाबूत पाहिजे आणि पेशंटही पाहिजे, आणि मधे मी गुदमरले तरी चालेल! विक्रोळीच्या त्या बाईला त्यांनी कधी परत बोलावलं का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण मला तेव्हा विचारायचा हक्क उरला नव्हता.

आई घरी आली. मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा गेला होता. किती, ते त्यांनी आकड्यात सांगितलं नाही. आई त्यानंतर सात वर्षं जगली, भाकऱ्या थापल्या, दोनदा कणकवलीला जाऊन आली. मी रोज नळी तापवली, जे दिसेल ते लिहिलं. कार्डं येत राहिली, एक-दोन पुन्हा ऑफिसात आली, मी ती सगळ्यांच्या देखत वाचून पर्समध्ये ठेवली. अधूनमधून एकटी सापडले की मी डॉक्टरांना म्हणायचे, "त्या सतरा दिवसांबद्दल..." आणि ते हात वर करायचे, किंवा खिडकीशी जायचे, किंवा एकदा तर माझं वाक्य अर्धवट सोडून चक्क जिना उतरून गेले आणि मी त्यांच्याच दवाखान्यात एकटी बसून राहिले.

शेवटी मूत्रपिंडानंच आईला नेलं. तेरावं झाल्यावर मी फाइल परत द्यायला मुलुंडला गेले. ते हात वर करणार त्याच्या आत मी म्हटलं, "केस बंद झालीय आता. आज ऐकायचं."

ते खुर्चीत बसले. मी सगळं सांगितलं. हॉलमधलं हसणं, स्पिरिट, मोरी, बसून प्यायलेला चहा, सगळं. मग जे विचारायला सात वर्षं जीव घाबरत होता ते विचारलं, "त्या सतरा दिवसांनी आईची किती वर्षं गेली?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "गेली असतील. हा हिशेब कुणालाच करता येत नाही." थोडा वेळ ते फाइलची दोरी सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्याच कार्डाला मला शंका आली होती. हा आजार सलग चौदा दिवस पाणी दाखवत नाही, मधे एखादं पन्हं दाखवतोच. मुलुंडहून नाहूरला यायला मला काय लागलं असतं? आलो नाही. पाणी वाचून इतकं बरं वाटलं होतं मला. मी गोळ्या कमी केल्या. त्या मी कमी केल्या, तू नाही."

मी म्हटलं, "हे तुम्ही मला सात वर्षांत एकदा सांगायचं नाही?"

"तुझं ऐकलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "मग तू आईला घेऊन दुसरीकडे गेली असतीस."

मी उठले. येते, असंही म्हटलं नाही. त्या माणसाचा गळा दाबावा असं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं. मुलुंड स्टेशनपर्यंत मी त्यांना मोठ्यानं शिव्या देत गेले, रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती. प्लॅटफॉर्मवर पोचले, बाकावर बसले, आणि मग मला रडू आलं. आई गेल्यापासून मी रडले नव्हते, मला वाटायचं मला तो अधिकार नाही. तीन गाड्या गेल्या तरी मी बसूनच होते.